मला दिसत नाही



विशेष शिक्षकांच्या, पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलं आहे.

निमंत्रणपत्रात विषय दिला होता 'अपंगत्वविषयक मराठी परिभाषा: वाटचाल आणि दिशा'. लेखनाचा आढावाही घ्यावा, असं खाली लिहिलं होतं. आढावा घेईन, पण थोडक्यात. या विषयावर मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगण्यासाठी मी फार वर्षं थांबले आहे. परिसंवादात वक्त्याला दहा मिनिटं मिळतात, त्यातली पाच आधीच्यांनी खाल्लेली असतात. आज 'आवरा' अशी चिठ्ठी पाठवणारं कोणी नाही.

गोष्ट अशी. चाळीसेक वर्षं आपण नामं बदलतो आहोत. अपंग की विकलांग, विकलांग की दिव्यांग, मतिमंद की विशेष, अक्षम की भिन्नक्षम. समित्या बसल्या, ठराव झाले, पाट्या रंगवल्या गेल्या. आणि या सगळ्या काळात मराठी घरांमध्ये लोक यांपैकी एकही नाम न वापरता नीट बोलत होते. "तिला दिसत नाही." "त्याला ऐकू येत नाही." "ह्याचा डावा पाय उचलत नाही." "पोराला उमजायला जरा वेळ लागतो." ही आपली रीत आहे. ही रीत क्रियापदाची आहे. परिभाषा घडवायला बसलेल्या शहाण्या माणसांनी ती कधी विचारातच घेतली नाही, कारण त्यांना रकान्यात भरायला नाम हवं होतं. माझी तक्रार ही आहे आणि ती मी आज भांडून मांडणार आहे.

आधी शब्दांची वाटचाल भराभर सांगते. इंग्रजी अमदानीत १८७२पासून १९३१पर्यंतच्या जनगणनांत अशा लोकांची मोजदाद होत असे, पण त्यात सगळ्यांना गोळा करणारा एक रकाना नव्हता. वेडे निराळे, बहिरे-मुके निराळे, आंधळे निराळे, महारोगी निराळे. बोलीतही तसंच. आंधळा, काणा, तिरळा, बहिरा, मुका, तोतरा, लंगडा, लुळा, थोटा, पांगळा, कुबडा. ज्याचं जे अधू, त्याचं ते नाव. एकनाथांच्या भारुडांतही आंधळा, बहिरा, मुका, पांगुळ ही वेगवेगळी सोंगं आहेत. 'अपंग' म्हटलं की हातापायानं अधू एवढंच लोकांच्या मनात येई, आणि म्हणूनच पुढाऱ्यांच्या भाषणांत 'अंध-अपंग' ही जोडी रूढ झाली. आंधळी माणसं अपंगांत मोडतात असं लोकांना वाटत असतं, तर जोडी लावायची गरजच पडली नसती.

सर्वांना एका नावाखाली आणण्याची गरज सरकारला आणि चळवळीला लागली. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष झालं. १९४१ पासून जनगणनेतून गेलेला प्रश्न त्याच साली परत आला, १९९१ला पुन्हा गेला, २००१ला पुन्हा आला. १९९५चा कायदा मराठीत 'अपंग व्यक्ती' असं नाव घेऊन आला आणि त्यात सात प्रकार होते. हिंदीच्या वाटेनं 'विकलांग' आलं. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'विकलांग'ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला, त्यात एकवीस प्रकार आहेत. त्याच्या इंग्रजी नावात दैवी असं काही नाही. मराठीत मात्र तो 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम' म्हणून ओळखला जातो. ३ डिसेंबर २०२२ला महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. इतकी नामांतरं झाली आणि मुंबईच्या लोकलमध्ये आजही माणसं विचारतात, "हँडिकॅपचा डबा कुठं येतो?" त्यांना डबा हवा असतो.

आता व्याकरण. मी मराठीची शिक्षिका, अंध मुलांच्या शाळेत जन्म गेला. प्रयोग शिकवताना मी मुलांना एक गोष्ट दर वर्षी सांगत असे. मराठीत पाहणं आपण करतो, पण दिसणं आपल्याला होतं. डोळस माणूससुद्धा 'मला दिसतं' असंच म्हणतो. दिसण्यावर त्याची मालकी नाही; ते त्याच्याकडे येतं, जशी भूक येते, झोप येते, आठवण येते. 'मला दिसतं' आणि 'मला दिसत नाही' या दोन वाक्यांत बोलणारा एकाच जागी उभा असतो. त्याला लागलेला 'ला' तोच, त्याचं माणूसपण तेच. शेवटी एक 'नाही' येतं, बस्स. आणि ते 'नाही' मराठीत कोणाच्या वाट्याला येत नाही? मला पोहता येत नाही. त्यांना इंग्रजी समजत नाही. वहिनींना जिना चढवत नाही. सगळे एका रांगेत. माणूस आधी आणि उणीव नंतर बोलावी, यासाठी पाश्चात्त्य देशांतल्या चळवळींना आपली भाषा वळवून घ्यावी लागली, त्यावर त्यांचे वाद झाले, अजून चालू आहेत. आपल्याकडे हे वाक्य आज्जीच्या तोंडी तयार होतं.

नाम माणसाला डोक्यापासून पायापर्यंत झाकतं. क्रियापद नेमकं तेवढंच सांगतं, आणि त्याला वेळ, जागा, प्रमाण सगळं जोडता येतं. रात्री दिसत नाही. लांबचं दिसत नाही. डाव्या डोळ्यानं अंधुक दिसतं. अलीकडे दिसेनासं झालंय. 'अंध' या शब्दाला यातलं फारसं काही जोडता येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या शाळेत एक मुलगा आला होता, मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. रजिस्टरात त्याच्यापुढे 'अंध' लिहिलेलं. ब्रेल शिकला, परीक्षेत बऱ्यापैकी गुण मिळवू लागला. ब्रेल वाचताना बोटं कागदावरून सरकतात त्याचा एक बारीक आवाज असतो. वर्गात बसलेल्या शिक्षिकेला त्यावरून कळतं कोण वाचतंय आणि कोण नुसतंच बसलंय. त्या मुलाच्या बाकावरून तो आवाज येत नसे, तरी उत्तर बरोबर येई. आणि त्याला नेहमी खिडकीजवळची जागा हवी असे. एकदा वर्ग सुटल्यावर मी त्याला विचारलं, "तुला काय काय दिसतं रे?" तो घाबरला. त्याला वाटलं, दिसतं म्हटलं तर शाळेतून काढतील. मग हळूहळू सांगू लागला. "बाई, उन्हात धरलं की ठिपक्यांची सावली दिसते. जाड अक्षर असलं तर दिसतं. फळ्यावरचं नाही दिसत." म्हणजे हा मुलगा ब्रेलचे उठाव डोळ्यांनी वाचत होता. ज्याला मोठ्या टायपातली पुस्तकं आणि एक चांगलं भिंग मिळायला हवं होतं, तो बिनशाईच्या कागदावरच्या सावल्या टिपत डोळे शिणवत होता. त्याच्याशी कोणी वाईट वागलं नव्हतं. फक्त दवाखान्यापासून वसतिगृहापर्यंत त्याला कोणी हा प्रश्नच विचारला नव्हता, कारण नामानं सगळ्यांना उत्तर आधीच देऊन टाकलं होतं. अशी मुलं आमच्याकडे तो एकटाच नव्हता, आणि या सभागृहात बसलेल्या प्रत्येक अंधशाळेच्या शिक्षकाला अशी दोन-चार मुलं आठवत असतील.

दुसरा प्रसंग बँकेचा. बँकेचं नाव घेत नाही, त्या काळी सगळ्याच तशा होत्या. पगाराचं खातं, नोकरी कायम, आणि चेकबुक मागितल्यावर उत्तर मिळालं, "अंध खातेदाराला देता येत नाही." मी म्हटलं, "मी सही करते." ते म्हणाले, "अंध व्यक्तीचा अंगठा घ्यावा लागतो." मी पर्समधून सही करायची पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी ती पाहिली, शेजारच्याला दाखवली आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले. 'मला दिसत नाही' असं वाक्य ऐकलं की माणूस निदान विचारतो, मग सही कशी करता? 'अंध' ऐकलं की तो नियम शोधतो. रिझर्व्ह बँकेनं जून २००८मध्ये परिपत्रक काढून चेकबुक, एटीएम, लॉकर या सुविधा दृष्टिहीन ग्राहकांना नाकारू नयेत असं बँकांना सांगितलं, तोवर माझ्या नोकरीची बरीच वर्षं सरली होती.

तिसरा प्रसंग २०११च्या जनगणनेचा आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रगणक घरी आले, मी आतल्या खोलीत होते. त्यांनी वहिनीला विचारलं, "घरात कोणी अपंग?" वहिनी म्हणाली, "नाही हो, कोणी नाही." फॉर्म पुढे सरकला. मग शाळामास्तर असलेल्या त्या प्रगणकांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा विचारलं, "कोणाला दिसायला, ऐकायला त्रास?" तेव्हा वहिनी लगेच म्हणाली, "हो, आमच्या वन्संना दिसत नाही ना! पण त्या नोकरी करतात." वहिनी काही लपवत नव्हती. तिच्या मराठीत मी अपंग नव्हते, मला फक्त दिसत नव्हतं. त्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर माणसं मोजली गेली. पहिल्या प्रश्नावरच थांबलेल्या प्रगणकांनी किती दारं ओलांडली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २००१मध्ये संख्याशास्त्रज्ञांचा एक गट स्थापन झाला, वॉशिंग्टन गट म्हणतात त्याला. मोजणीसाठी त्यांनी सहा प्रश्नांचा एक लहानसा संच तयार केला. पाहायला, चष्मा लावूनही, त्रास होतो का? ऐकायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? अंघोळ, कपडे हे आपलं आपण करायला? बोललेलं समजायला, समजावून द्यायला? आणि उत्तरं चार: त्रास नाही, थोडा होतो, फार होतो, जमतच नाही. त्या संचात अपंग या अर्थाचा शब्द मुद्दाम टाळलेला आहे. जगभरच्या तज्ज्ञांनी अभ्यासाअंती जे वाक्य शोधलं, ते आमच्या वहिनीच्या स्वयंपाकघरात होतं.

आता आपल्या मित्रांचे वाद. काल संध्याकाळी चहाच्या वेळी ते माझ्याभोवती चालूच होते.

काहींचं म्हणणं, शब्दांवर वेळ घालवू नका, रॅम्प बांधा. या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण शब्द निरुपद्रवी नसतात. 'मूकबधिर' हा शब्द जाऊन 'कर्णबधिर' आला, तो बदल मी दोन्ही हातांनी उचलून धरते. ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांच्या स्वरयंत्राला काही झालेलं नसतं. शब्द कानावर पडत नाहीत म्हणून ती बोलत नाहीत. आमच्या शेजारच्या गल्लीत एक मुलगी होती. तिच्या आईला शाळेत सांगितलं, "मुकं आहे तुमचं, बोलणार नाही." आईनं ते देवाची आज्ञा समजून घेतलं. श्रवणयंत्र नाही, वाचाउपचार नाही, खुणांची भाषा नाही. भाषा रुजण्याची ती पहिली चार-पाच वर्षं असतात, ती निघून गेली. एका चुकीच्या 'मूक' या अक्षरजोडीनं त्या मुलीची सबंध भाषा नेली, मराठीही नेली आणि हातांचीही. तिला 'ऐकू येत नाही' एवढंच कोणी म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता, की मग हिच्याशी बोलायचं कसं? गावोगावच्या शाळांच्या कमानींवर 'मूकबधिर विद्यालय' अजून तसंच आहे, आणि ते मला बोचतं.

'मतिमंद' या शब्दाबद्दल तर मला वाद घालायचीही इच्छा नाही. तो गेला पाहिजे. त्याच्या जागी 'बौद्धिक अक्षम' आणा नाहीतर आणखी काही आणा, मुलाची आई ते म्हणणार नाही. ती म्हणते, "ह्याला एकदा सांगून कळत नाही, चारदा सांगावं लागतं." यात शिक्षकाला काय करायचं तेसुद्धा सांगितलं आहे.

मोठा वाद 'दिव्यांग'चा. सुचवणाऱ्यांचा हेतू गौरवाचा होता, यात मला शंका नाही. पुष्कळ मुलांना आणि त्यांच्या आईबापांना तो शब्द आवडतो, मुलगा ताठ मानेनं तो स्वतःसाठी वापरतो, हेही मी ऐकलं आहे आणि त्याच्या तोंडून तो काढून घेण्याचा अधिकार मला नाही. पण देशातल्या अपंग हक्क संघटनांनी विरोध नोंदवला होता, आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीनंही २०१९मध्ये भारताविषयीच्या निरीक्षणांत या शब्दावर आक्षेप घेतला. त्यांची कारणं त्यांनी मांडली आहेत. माझं कारण वेगळं आहे.

मी उभी राहून व्याख्यान दिलं, ब्रेलवर बोटं फिरवत उतारा वाचून दाखवला, की कार्यक्रमानंतर कोणीतरी हमखास जवळ येऊन म्हणतं, "तुम्हाला देवानं सहावं इंद्रिय दिलंय." कित्येकदा ऐकलं आहे हे. मला देवानं सहावं इंद्रिय दिलेलं नाही. सहा ठिपक्यांच्या त्या चौकटी बोटांना कळायला लहानपणी माझी वर्षं गेली. थंडीत बोटं बधिर व्हायची आणि ओळ हातून सुटायची, तरी बाई पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायच्या. जोडाक्षर आलं की ब्रेलमध्ये हलंताची खूण व्यंजनाच्या आधी येते, ती विसरली की अर्थ उलटा. त्यासाठी किती वह्या भरल्या. काठीच्या टोकानं गटाराचं झाकण आणि पायरी ओळखणं हे मी पडून शिकले आहे. बस कुठली आली हे मला शेजारचा माणूस सांगतो, आणि विचारायची लाज सोडायला सर्वांत जास्त दिवस लागले. ही सगळी मेहनत आहे. 'दिव्य' म्हटलं की ती एका क्षणात देवाच्या खात्यावर जमा होते. माझ्या मुलांचे कष्ट मला देवाला द्यायचे नाहीत. त्यांच्या शिक्षकांचेही नाहीत, इथं बसलेल्या तुम्हा सर्वांचे.

आपल्याकडे ही सवय जुनी आहे. महाभारतात धृतराष्ट्राला प्रज्ञाचक्षू म्हटलं आहे, आणि विदर्भातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांनाही आपण प्रज्ञाचक्षू म्हणतो. महाराज अगदी तान्हे असताना त्यांची दृष्टी गेली, १९१५ साली चौतिसाव्या वर्षी ते गेले, आणि तेवढ्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. प्रज्ञा होतीच, ती वादातीत आहे. पण त्यांना वाचून दाखवणारे कोण होते, लिहून घेणारे कोण होते, ते कोणत्या वेळी बसत, चुका कशा दुरुस्त होत, हे मला माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचं असतं. लेखनिकाशिवाय परीक्षेला बसू न शकणाऱ्या मुलाला त्या तपशिलाचा उपयोग आहे. 'प्रज्ञाचक्षू' या बिरुदाचा उपयोग त्याला होत नाही.

मग कोणी विचारेल, बाई, कायद्याला तर नाम लागतंच ना? लागतं. फाईलला शब्द हवा, हे मला मान्य आहे. आज एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन आहे, आम्लहल्ल्यात भाजलेल्या बहिणी आहेत. गडचिरोलीतल्या सिकलसेलच्या मुलाला आणि माझ्यासारखीला एका हक्काखाली आणायचं, तर कुठलंसं एक नाव घ्यावं लागेल. फाईलवर मला 'अपंग' चालतं, कारण त्या नावानं मोर्चे निघाले आणि आरक्षण मिळालं. दुसऱ्याला 'दिव्यांग' चालत असेल. तो वाद फाईलपुरता ठेवावा. नवा कायदासुद्धा व्याख्या करताना शरीराच्या उणिवेवर थांबलेला नाही. ती उणीव आणि समोरचे अडथळे एकमेकांना भिडले की सहभाग अडतो, असं तो म्हणतो. अडथळा म्हणजे जिना, अडथळा म्हणजे न बोलणारी लिफ्ट, अडथळा म्हणजे चित्र म्हणून स्कॅन केलेलं परिपत्रक, जे माझा संगणक वाचू शकत नाही.

आणि न्यायालयानं तर याच्याही पुढे पाऊल टाकलं आहे. विकास कुमार नावाच्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत, त्यानं लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मागितला. चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून तो नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लेखनिकाची सोय त्या चाळीस टक्क्यांत बसणाऱ्यांपुरती बांधून ठेवता येणार नाही. या निकालाचं मराठी मी असं करते: तो कोण आहे हे विचारू नका, त्याला लिहिता येतं का ते विचारा. आपल्या शाळांतून, परीक्षा केंद्रांतून हा निकाल अजून पोचायचा आहे. केंद्रावर लेखनिकाचं पत्र घेऊन उभ्या असलेल्या मुलाला पेपर सुरू झाल्यावरही दारात ताटकळत ठेवतात, त्याला कोणत्या शब्दानं हाक मारतात याच्याशी मला त्या वेळी कर्तव्य नसतं.

हाक मारण्यावरून आठवलं. अपमान मराठीत कुठं राहतो, हे आपण नीट शोधलेलं नाही. 'लंगडा' हा शब्द काही मुळात शिवी नाही, मुली अंगणात लंगडी खेळतात. 'ए लंगड्या' म्हटलं की शिवी होते. तो शेवटचा 'या' आणि सुरुवातीचा 'ए' यांत सगळं विष आहे. उद्या 'ए दिव्यांग्या' अशी हाक निघेल. किंबहुना काही शाळांच्या मैदानांवर ती निघालेली माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकली आहे. दुसरं विष तिसऱ्या पुरुषात आहे. मी भाचीबरोबर दवाखान्यात जाते, डॉक्टर भाचीला विचारतात, "यांना कधीपासून दुखतंय?" हॉटेलात वेटर तिला विचारतो, "ह्या काय घेणार?" रस्त्यात एक हात येतो, दंड धरतो आणि न विचारता मला पलीकडे नेतो, जिकडे मला जायचंच नसतं. यातल्या कोणीही वाईट शब्द उच्चारलेला नसतो. अत्यंत सभ्य सर्वनामं असतात. समिती नेमून हे बदलत नाही. मला 'तुम्हाला' म्हणा, तोंड माझ्याकडे करून म्हणा, आणि 'काय मदत लागेल' हे विचारून उत्तर येईपर्यंत थांबा.

म्हणींचा प्रश्न दर अधिवेशनात येतो. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण पाठ्यपुस्तकातून काढा, 'वासरात लंगडी गाय शहाणी' काढा, असा ठराव यंदाही कार्यकारिणीपुढे आहे असं कळलं. मी त्याच्या विरोधात आहे. मी ही म्हण वर्गात शिकवली आहे, ज्यांना दिसत नाही अशाच मुलींना. अर्थ सांगून झाला आणि सातवीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, ती दळतेय ते लोकांना दिसत होतं, कुत्रं खातंय तेही दिसत होतं, तर मग तिला कुणी सांगितलं का नाही?" वर्ग शांत झाला. शेकडो वर्षं ही म्हण मराठीत फिरते आहे, आणि जात्याजवळ उभ्या असलेल्या त्या डोळस माणसांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. ही म्हण पुस्तकातून गेली असती, तर तो प्रश्न मराठीत आलाच नसता. मुलांना म्हणी शिकवा, आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. १९३३ सालचं श्री. वि. वर्तकांचं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटकही मी शिकवलं आहे. नाटक ऐकायला मुली आपली शाळा सापडेल म्हणून बसल्या होत्या, आणि त्यात तशी शाळा नाहीच, हे कळल्यावर त्या हिरमुसल्या. मराठी साहित्यात आंधळा, बहिरा, पांगळा हे उपमेसाठी उदंड राबले. शाळेत जाणारं, डबा खाणारं, भांडणारं, प्रेमात पडणारं असं माणूस म्हणून ते फार थोड्या वेळा आले.

इथं आढावा घेते. ज्या लेखनानं मला हात दिला त्यात कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' पहिलं. त्या शीर्षकाकडे लक्ष द्या. त्यात शोक नाही, गौरव नाही. काय लागतं, ती वस्तू आहे. १५ फेब्रुवारी २००८ला स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्याच्या नावातही आम्ही कोण हे नाही, आम्ही वाचतो कसं ते आहे. हे दोघं परिभाषेच्या कुठल्याही समितीवर नव्हते बहुधा, पण नाव कसं ठेवावं हे त्यांना कळलं होतं. इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आले. आता त्यांच्यावर सिनेमा निघाला, सर्वांना नाव कळलं. ते पोहले; मला त्यांच्याविषयीचं लेखन त्या क्रियापदापासून सुरू झालेलं हवं आहे. कथा-कवितांच्या नव्या पुस्तकांची यादी कार्यवाहांकडे दिली आहे, ती छापील अहवालात येईल; ब्रेल आणि ध्वनिमुद्रित प्रतीही निघाव्यात अशी विनंती.

पुढल्या कामांबद्दल बोलायला वेळ उरलेला नाही, तरी तीन गोष्टी टाकून ठेवते. एक, आपापल्या शाळेच्या प्रवेशपत्रिकेत अपंगत्वाच्या प्रकारानंतर एक रिकामी ओळ घाला: 'काय दिसतं, काय ऐकू येतं, काय जमतं, काय लागेल'. मुलाच्या आईकडून ती तिच्या शब्दांत भरून घ्या. दोन, २०२७ची जनगणना येते आहे आणि प्रगणक म्हणून आपल्यापैकीच शिक्षक दारोदार जाणार आहेत. फॉर्ममधला प्रश्न बदलणं आपल्या हातात नाही, पण तो मराठीत कसा विचारावा यावर एक पानभर मजकूर आपण तयार करून तालुक्या-तालुक्यांत पोचवू शकतो. तीन, वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीत, कोकणीत, आदिवासी बोलींत माणसं न दिसण्याला, न चालण्याला, उशिरा उमजण्याला काय काय म्हणतात, ती वाक्यं गोळा करायची आहेत. शब्द नकोत, सबंध वाक्यं हवीत. तंजावरच्या आणि बडोद्याच्या मराठी घरांतूनही ती मिळतील. हे काम कसं उभं करायचं, पैसा कुठून, याचा आराखडा माझ्याकडे नाही. ज्यांना करायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्यावं, मी उजव्या दारापाशी बसलेली असेन. जवळ आल्यावर आधी स्वतःचं नाव सांगा, मला चेहरा दिसत नाही.

पुढच्या सत्राचे पहिले वक्ते खुणांच्या भाषेत बोलणार आहेत. दुभाषी बाई त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहतील. व्यासपीठावरचा दिवा त्या दोघांच्या हातांवर येईल असा वळवावा, आणि मागच्या रांगेत बसलेल्या कर्णबधिर प्रतिनिधींना पुढे जागा करून द्यावी. ते झालं की सत्र सुरू करायला माझी परवानगी आहे.